बोलोन्याला अ‍ॅडमिशन मिळालं, खोली मिळेना – अनुभवी लोकांनी मदत करा

पंचगंगाकाठ | १४ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय, सांभाळून घ्या. मी करवीर तालुक्यातला, बीएस्सी केमिस्ट्री कोल्हापुरातून झालं आणि आता इटलीत बोलोन्या विद्यापीठात मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळालंय, कोर्स इंग्रजीतून आहे. सप्टेंबरात जायचंय. वडील शेती करतात, पगारपत्रक वगैरे काही नाही, त्यामुळे सगळी भिस्त तिथल्या सरकारी स्कॉलरशिपवर आहे. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने फी घेताना सगळं करून देऊ म्हटलं होतं, आता फोन केला की खोली तुमची तुम्ही बघा म्हणतात. महिनाभर रोज रात्री बसून मेसेज टाकतोय, ऐंशीच्या वर झाले असतील, सहा उत्तरं आली. त्यातला एकजण म्हणतो मी सध्या लंडनला आहे, दोन महिन्यांचं डिपॉझिट आधी पाठवा, किल्ली कुरिअरने पाठवतो. पाठवू का? घरचे म्हणतायत खोलीचा पत्ता नाही तर पोरगं जाऊन राहणार कुठं. जायचं का नाही इथपर्यंत आलंय घरात.

सोलापुरी_चादर | १५ जून, सकाळी ७:०५

किल्ली कुरिअरने?? अरे बाबा पैसे पाठवू नको. नको नको नको. आता चहा पितो.

भागाबाई | १५ जून, सकाळी १०:३०

पंचगंगाकाठ, अभिनंदन आधी! आणि चादरसाहेब बरोबर बोलतायत, तो लंडनवाला मालक माझ्या वेळी पण होता, २०१९ ला, तेव्हा तो स्पेनला असायचा. घर न बघता, करार हातात न घेता एक युरो पण पाठवायचा नाही.

मी दोन वर्षं बोलोन्यात काढली, आता नोकरीमुळे मोदेनाला असते, म्हणजे ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. खोलीचं सांगते. जाहिरातीत सिंगोला म्हणजे एकट्याची खोली, दोप्पिया म्हणजे दोघांत एक, आणि 'पोस्तो लेत्तो' असेल तर फक्त पलंग तुझा, बाकी खोली दुसऱ्याबरोबर. मी पहिले चार महिने पोस्तो लेत्तोवर होते, माझी रूमी रात्री दोनला हेअर ड्रायर लावायची, पण भाडं परवडलं. भाड्याच्या आकड्यापुढे 'स्पेसे' लिहिलेलं नीट वाच, ते वीज गॅस सोसायटी खर्चाचं, आत धरलंय का वेगळं ते विचार, हिवाळ्यात हीटिंगचं बिल बघून मला घाम फुटला होता (तेवढीच ऊब).

आणि सगळ्यात महत्त्वाचं, करार रजिस्टर झालेला पाहिजे. तिथं पण आपल्यासारखे 'कागद कशाला करायचा, विश्वासाचा मामला' म्हणणारे भेटतात, त्याला ते लोक 'नेरो' म्हणजे काळ्यात म्हणतात. तसं राहिलास तर स्कॉलरशिपवाले तुला बाहेरगावचा विद्यार्थी धरणार नाहीत आणि रक्कम कमी होईल. वाईट गोष्ट म्हणजे काही जाहिरातींत सरळ लिहितात फक्त मुली, किंवा फक्त इटालियन. मनाला लावून घेऊ नको, पुढचा मेसेज टाक.

निवृत्त_मास्तरीण | १५ जून, दुपारी १:१५

माझा मुलगा तिथूनच शिकला. आम्हालाही हीच काळजी होती. त्याने पहिले तीन आठवडे हॉस्टेलचं बुकिंग केलं, व्हिसासाठी तेवढा पत्ता चालला, आणि तिथे जाऊन पायी फिरून खोली शोधली. बाळ, वडिलांना सांग की समोर जाऊन उभं राहिलं की माणसं वेगळी वागतात. फोनवर नाही म्हणणाऱ्या एका आजीनेच त्याला खोली दिली होती.

बखरकार | १५ जून, रात्री ९:५०

जरा अवांतर होईल, पण राहवत नाही. आमच्या पंचगंगाकाठाला वाटत असेल खोली न मिळणं हे त्याचं नशीब. अहो, बोलोन्यात विद्यार्थ्यांचं आणि घरमालकांचं भांडण आठशे वर्षांहून जुनं आहे! विद्यापीठाचं स्थापनावर्ष १०८८ मानतात, पण तेव्हा कोणी राजाने नारळ फोडून इमारत बांधली असं काही नव्हतं. रोमन कायदा शिकायला परमुलखातून पोरं यायची, गुरुजींच्या घरी किंवा भाड्याच्या जागेत वर्ग चालायचे. परक्या गावात परक्या माणसाला कायद्याचं संरक्षण नाही, उद्या तुमच्या गावच्या कुणी बोलोन्याच्या व्यापाऱ्याचे पैसे बुडवले तर वसुली तुमच्याकडून! म्हणून ११५८ च्या सुमारास सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने फर्मान काढलं की विद्येसाठी फिरणाऱ्यांना असा त्रास द्यायचा नाही. मग या परक्या पोरांनी आपापल्या मुलखाप्रमाणे संघ केले, आल्प्सच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन मोठे गट, आणि मूळ 'युनिव्हर्सिटी' म्हणजे हा पोरांचा संघ, बरं का. मास्तर नोकरीला ठेवायचे ते पोरांनी. मास्तर उशिरा आले तर दंड, एक दिवस गावाबाहेर जायचं तर पोरांची परवानगी, आणि वर्गात पाचपेक्षा कमी पोरं बसली तर मास्तरच गैरहजर धरले जायचे.

आता भाड्याचं. जागा कमी, पोरं जास्त, त्यामुळे एकजण राहतोय त्या घरावर दुसरा जास्त भाड्याची बोली लावायचा. ११८९ साली पोप तिसऱ्या क्लेमेंटला आज्ञा द्यावी लागली की राहत्या भाडेकरूच्या डोक्यावरून बोली लावायची नाही. पुढे भाडं ठरवायला गावचे आणि विद्यार्थ्यांचे असे पंच नेमायला लागले. आणि पोरांकडे हुकमी अस्त्र काय, तर 'आम्ही चाललो गाव सोडून'. इमारतच नाही तर विद्यापीठ पाठीवर टाकून नेता येतं! १२२२ ला बरेच जण खरंच उठून गेले आणि पादुआचं विद्यापीठ उभं राहिलं.

सोलापुरी_चादर | १५ जून, रात्री १०:०२

पाचपेक्षा कमी पोरं तर मास्तर गैरहजर. आमच्या कॉलेजात हा नियम असता तर इकॉनॉमिक्सचे सर जन्मठेपेवर गेले असते.

चाकोरीबाहेर | १६ जून, पहाटे २:२०

बखरकार काका मस्तच. मी सध्या बोलोन्यातच पीएचडी करतोय, दुसरं वर्ष. यात एक भर घालतो कारण रोज त्याखालून चालतो. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींचे झाकलेले फुटपाथ आहेत, पोर्टिको, संपूर्ण शहराचे मिळून ६२ किलोमीटर, २०२१ ला युनेस्कोच्या यादीत गेले. मुंबईत डी एन रोडला इमारतींच्या खालून कमानीतून चालतो ना आपण, तसं, पण अख्खं गाव. आणि हे आले कुठून तर परत खोल्यांच्या टंचाईतून! गाव फुगत होतं, जागा नाही, मग लोक वरचा मजला रस्त्यावर पुढे काढायला लागले, खाली आधाराला लाकडी खांब. आपल्याकडे बाल्कनी आत घेतात तशातला प्रकार, फक्त इथल्या नगरपालिकेने पाडापाडीच्या नोटिसा काढायच्या ऐवजी १२८८ मध्ये उलट कायदाच केला की घर बांधाल तर पोर्टिको पाहिजे, उंची घोडेस्वार जाईल एवढी, आणि खालची जागा तुमची पण वाट सगळ्यांची. स्त्रादा माज्जोरे नावाच्या रस्त्यावर अजून लाकडी खांबांचं एक घर उभं आहे, आल्यावर दाखवतो. त्यामुळे पावसात छत्री लागत नाही, मी आणलेली कोल्हापुरी छत्री दोन वर्षं तशीच आहे.

पंचगंगाकाठ, मी पण तुमच्याच बाजूचा, जयसिंगपूर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जिरेपूड | १६ जून, सकाळी ११:१०

अय्या मी पण जातेय सप्टेंबरमध्ये!! सांस्कृतिक वारशाशी संबंधित कोर्स आहे. मी पण खोली शोधतेय, मुली असतील कोणी तर दोप्पिया शेअर करूया का? आणि मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडं पण नाही, तर काय खायचं ते पण सांगा प्लीज, आई रोज रडतेय.

भागाबाई | १६ जून, दुपारी ४:००

जिरेपूड, ये ग. पण इथे 'शाकाहारी' शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नको. या गावाची तीन टोपणनावं आहेत, विद्वान, लठ्ठ आणि लाल. विद्वान विद्यापीठामुळे, लाल विटांमुळे (आणि राजकारणामुळे), आणि लठ्ठ का ते तुला पहिल्याच आठवड्यात कळेल, सगळीकडे डुकराचं. पियादिना म्हणून पोळीसारखं मिळतं, बघून जीव हरखतो, पण पारंपरिक पियादिनात पिठात 'स्त्रुत्तो' असतं म्हणजे डुकराची चरबी. तळलेली क्रेशेंतीना पुरीसारखी फुगते, तीत पण बहुतेकदा. ऑलिव्ह तेलातली पियादिना मिळते, मागून घ्यायची. पार्मेजानो चीजला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला) लागतं, ते पण लक्षात ठेव, मी हे सहा महिन्यांनी वाचलं आणि मग अर्धा तास नुसती बसून राहिले. ताज्या पास्त्यात अंडं असतंच असतं, दुकानातला कोरडा पास्ता मात्र बहुधा नुसत्या रव्याचा. बाकी भाज्या, फळं, कडधान्यं भरपूर, बांगलादेशी दुकानांत तूरडाळ, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर सगळं मिळतं. गोडा मसाला आणि चिंच घेऊन ये. कढीपत्ता मला कधी मिळाला कधी नाही.

चाकोरीबाहेर | १६ जून, संध्याकाळी ६:४५

जिरेपूड, एक विचारतो, राग मानू नका. ऑफर लेटरवर कॅम्पस कुठला लिहिलाय ते बघितलंत का? विद्यापीठ बोलोन्याचं असलं तरी चेझेना, फोर्ली, रावेन्ना आणि रीमिनी इथे पण कॅम्पस आहेत आणि वारशाचा विभाग रावेन्नाला आहे.

जिरेपूड | १६ जून, संध्याकाळी ७:०१

थांबा बघते

जिरेपूड | १६ जून, संध्याकाळी ७:०९

रावेन्ना आहे 😭 मी एप्रिलपासून बोलोन्यात खोली शोधतेय

सोलापुरी_चादर | १६ जून, संध्याकाळी ७:१२

म्हणजे पुणे विद्यापीठाला अ‍ॅडमिशन आणि कॉलेज नगरला.

बखरकार | १६ जून, रात्री ८:३०

रडू नका हो. रावेन्ना म्हणजे सोन्याहून पिवळं! पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेक, निळ्या छतावर सोनेरी तारे, इटलीचा महाकवी दांते, त्याची समाधी तिथेच. वारसा शिकायचा तर तो गल्लीच्या तोंडाशी असलेला बरा. आणि समुद्र जवळ.

निवृत्त_मास्तरीण | १६ जून, रात्री ८:४४

आणि लहान गाव आहे, मुलीच्या आईला सांगा. बोलोन्याहून ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास, मुलगा जायचा.

पंचगंगाकाठ | १९ जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. लंडनवाल्याला ब्लॉक केलं. चाकोरीबाहेर दादांशी फोनवर बोललो, वडिलांना पण फोन दिला, दोघं उसाच्या दरावर वीस मिनिटं बोलले, मग घरचं वातावरण जरा निवळलं.

आता पुढचा प्रश्न. स्कॉलरशिपसाठी घरचं उत्पन्न दाखवायचंय. वडिलांचा फॉर्म सोळा नाही. तलाठ्याकडं गेलो तर ते म्हणाले इटलीला सातबारा कशाला पाहिजे, जमीन विकताय काय? तासाभरात भावकीत बातमी पसरली की हे जमीन विकून पोराला पाठवायला लागलेत.

भागाबाई | २० जून, सकाळी ९:३०

हाहा, आमच्याकडे पण हेच झालं होतं, मामाने गिऱ्हाईक पण आणलं.

नीट वाच आता, यातच सगळे अडकतात. एमिलिया-रोमान्या (बोलोन्या ज्यात येतं तो प्रांत) विभागाची स्कॉलरशिप 'एर-गो' नावाची सरकारी संस्था देते, विद्यापीठ नाही, त्यामुळे अर्ज वेगळा आणि त्याची तारीख पण वेगळी. घरचं सगळं मिळून उत्पन्न, बँकेतली शिल्लक आणि घराचं क्षेत्रफळ यावरून ते एक आकडा काढतात, 'इझे पारिफिकातो'. त्याला घरात कोण कोण आहे त्याचा दाखला, वडिलांचं आणि आईचं उत्पन्न (आई कमवत नसेल तर तसा दाखला, कोरं सोडलं तर परत पाठवतात), बँकेचं वर्षअखेरचं स्टेटमेंट, आणि घराचा उतारा लागतो. शेतकऱ्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. घर गावठाणात असेल तर सातबाऱ्यावर ते दिसत नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा काढ, त्यावर चौरस फूट असतात. मग हे सगळं आधी राज्य सरकारकडून प्रमाणित, मग परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून शिक्का), मग इटालियन भाषांतर. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, त्यावरून मला दोनदा फेऱ्या पडल्या, म्हणून दोन वर्षांचे कागद काढून ठेव. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक पाहिजे! माझ्या वडिलांचं एका कागदावर राव होतं एकावर नव्हतं, तिथल्या बाईंनी विचारलं हे दोन वेगळे गृहस्थ आहेत का.

आणि स्कॉलरशिप मिळाली म्हणजे झालं असं नाही, ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेले क्रेडिट झाले नाहीत तर दिलेले पैसे परत मागतात. माझ्या ओळखीतल्या दोघांना भरावे लागलेत.

चाकोरीबाहेर | २० जून, दुपारी ३:२०

हा क्रेडिटचा मुद्दा फार महत्त्वाचा कारण इथल्या परीक्षा आपल्या डोक्यात बसत नाहीत. बरेच पेपर तोंडी असतात. प्राध्यापक समोर, तुम्ही खुर्चीवर, मागे बाकीची पोरं बसून ऐकतायत, सगळ्यांदेखत वायव्हा. पहिल्यांदा मी ततपप केलं. मार्क ३० पैकी, १८ ला पास, आणि फार छान झालं तर ३० च्या पुढे 'लोदे' म्हणजे शाबासकी. मजा अशी की मार्क कमी वाटले तर 'नको' म्हणून उठून येता येतं आणि पुढच्या तारखेला परत द्यायचा, एका विषयाला वर्षात अनेक तारखा मिळतात. आपल्या पोरांचा घोळ इथेच होतो, केटीसारखं वाटतं, पुढच्या वेळी देऊ पुढच्या वेळी देऊ, आणि ऑगस्ट उजाडतो. मी सांगतो, पहिल्या वर्षी २२ मिळाले तरी घे आणि पळ.

आल्यावर ८ दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकायचा. पोस्टात पिवळ्या पट्टीचं पाकीट मिळतं, ते भरून पोस्टातच द्यायचं, सोबत १६ युरोचं तिकीट, आपल्या कोर्ट फी स्टॅम्पसारखं, ते मात्र पोस्टात नाही तर तंबाखूच्या दुकानात मिळतं. पोस्टाची पावती जिवापाड जप, कार्ड हातात येईपर्यंत सगळं त्या पावतीवर चालतं, आणि ते कधी येईल ते विचारू नये. आरोग्याचं पण बघून घे, सरकारी आरोग्यसेवेची विद्यार्थ्यांची वर्गणी २०२४ पासून ७०० युरो केलीये, आधी दीडशेच्या आसपास होती, त्यामुळे आता बरेच जण खाजगी विमा काढतात. काम आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं पण इटालियन आल्याशिवाय भांडी घासण्यापलीकडे फारसं नाही, म्हणून आत्तापासून रोज अर्धा तास शीक. नंतर वेळ मिळत नाही.

सोलापुरी_चादर | २० जून, दुपारी ३:३१

ते टॉवरचं सांगा की त्याला. चढला की नापास होतो म्हणे.

भागाबाई | २० जून, संध्याकाळी ५:१०

हो! गावात दोन उंच मनोरे आहेत, आसिनेल्ली ९७ मीटर आणि शेजारी गारिसेंदा, तो निम्मा आणि भलताच कललेला. पदवी मिळायच्या आधी आसिनेल्लीवर चढलं तर पदवी मिळत नाही असं सगळी पोरं मानतात, आणि पियात्सा माज्जोरे चौक तिरपा ओलांडायचा नाही. विज्ञानाची पोरं सुद्धा कडेकडेने चालतात. मी हसायचे, पण थिसिसच्या आठवड्यात मी पण लांबून वळसा घालून गेले, खोटं कशाला बोलू. गारिसेंदाची हालचाल वाढली म्हणून ऑक्टोबर २०२३ ला परिसर बंद केला, आसिनेल्ली पण बंद झाला, तेव्हा मोह होण्याचा प्रश्नच नाही. पदवीच्या दिवशी डोक्यावर तेजपत्त्याच्या जातीच्या पानांचा मुकुट घालतात आणि मित्रमंडळी रस्त्यात जाहीर फजिती करतात. माझ्या मुकुटाची पानं मी नंतर पुलावात घातली.

निवृत्त_मास्तरीण | २० जून, रात्री ९:००

आम्ही पदवीदानाला गेलो होतो. मुलाने जुन्या विद्यापीठाची इमारत दाखवली, आर्किजिन्नाझिओ, भिंतीभर विद्यार्थ्यांची कुलचिन्हं, आणि आत लाकडाचा शवविच्छेदनाचा वर्ग. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो उद्ध्वस्त झाला होता आणि ढिगाऱ्यातले तुकडे वेचून परत उभा केलाय. लॉरा बास्सी या बाईंना या विद्यापीठात १७३२ साली पदवी आणि पुढे शिकवण्याची जागा मिळाली, हे वाचून मी तिथे थोडा वेळ बसले. पण लक्षात राहिलं ते स्टेशन. तिथलं एक घड्याळ दहा पंचवीसवर थांबलेलं आहे. २ ऑगस्ट १९८० ला वेटिंग रूममध्ये बॉम्बस्फोट झाला, ८५ माणसं गेली. मी आपली पहिल्यांदा म्हणाले, अरे यांचं घड्याळ बंद आहे, कोणी दुरुस्त का करत नाही. मुलाने हळू आवाजात सांगितलं.

बखरकार | २० जून, रात्री ९:२५

🙏

पंचगंगाकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री १:१०

धागा वर काढतोय, उशीर झाला, माफी असावी. पोचलो! सप्टेंबरात आलो, पहिले अठरा दिवस हॉस्टेल, मग चाकोरीबाहेर दादांबरोबर रोज संध्याकाळी फिरायचो, विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या खांबांवर चिकटवलेले कागद वाचत. शेवटी खोली मिळाली ती जाहिरातीतनं नाहीच. इथं रस्त्याचं काम चाललं की म्हातारे हात मागं बांधून तासन्‌तास बघत उभे राहतात, त्यांना इथं 'उमारेल' असा खास शब्द आहे, आमच्या गावात असली पंधरा माणसं आहेत त्यामुळे मी पण सवयीनं जाऊन उभा राहिलो. शेजारचे आजोबा पाइप चुकीचा टाकतायत असं काहीतरी म्हणाले, मी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये हो म्हणालो, बोलणं वाढलं, त्यांच्या बहिणीकडं खोली होती. स्टेशनच्या पलीकडं बोलोन्यीना भागात, दोप्पिया, करार रजिस्टर. मास्तरीणबाई, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. आजींना मी मोर्तादेल्ला (इथलं डुकराचं सॉसेज) खातो याचा फार आनंद झालाय.

पहिली तोंडी परीक्षा जानेवारीत. धुकं पडायला लागलंय. जिरेपूड परवा रावेन्नाहून आल्या होत्या, तिथं खोली बोलोन्यापेक्षा लवकर मिळाली म्हणून सारखं ऐकवत होत्या.

स्कॉलरशिपच्या यादीत नाव आलं!! एक वेगळंच काम आहे भागाबाई तुमच्याकडं. तहसीलदारांच्या दाखल्याबरोबर सातबारा पण जोडला होता, त्याचं इटालियन भाषांतर वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर त्यांनी प्रिंट काढून घरी लावलंय. आता रोज फोन करून विचारतायत की सामाईक विहिरीच्या ओळीत काय लिहिलंय, चुलत्याचं नाव तिथं पण आलंय का. फोटो व्यनि केलाय, शब्द 'पोत्सो' असा काहीतरी आहे.

भागाबाई | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

अरे वा वा वा! पोत्सो म्हणजे विहीर. फोटो बघितला. चुलत्यांचं नाव आलंय रे, आणि त्यांचा हिस्सा पण अर्धा लिहिलाय. वडिलांना तूच सांग.